जाब, हिशेब आणि तिसरा पक्ष : विकास-कर्जांच्या दस्तऐवजांचा एक अभ्यास

१. दोन दस्तऐवज

बंगळूरच्या मल्लेश्वरम ह्या उपनगराला ज्या देवस्थानावरून नाव मिळाले, ते काडू मल्लेश्वराचे मंदिर मराठी इतिहासाशी निगडित आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी ह्यांचे नाव ह्या देवस्थानाशी जोडले जाते. इ. स. १६६९ च्या शिलालेखात मल्लपूर येथील मल्लिकार्जुन देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. ह्याच मल्लेश्वरमच्या कडेला, संपिगे रोड येथे, १ मार्च २०१४ रोजी बंगळूर मेट्रोचे स्थानक सुरू झाले. ह्या मेट्रोच्या पहिल्या टप्प्याच्या उभारणीत जपानची जायका ही संस्था व आशियाई विकास बँक ह्यांच्या कर्जांचा वाटा होता. एका वस्तीच्या परिसरात साडेतीन शतकांच्या अंतराने दोन प्रकारचे दस्तऐवज असे एकत्र आले आहेत : एक दानशासन, दुसरे कर्जकरार. दोन्हींचा विषय भूमी आणि तिच्यावरील सत्ता हाच आहे. परंतु दस्तऐवज लिहिणाऱ्याने उद्या आपला शब्द मोडला तर त्याला जाब कोणी व कोठे विचारावयाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर दोन्ही प्रकारांत अगदी निराळ्या रीतीने दिलेले आढळते.

आंतरराष्ट्रीय विकास बँकांच्या उत्तरदायित्वाचा प्रश्न सामान्यतः अर्थशास्त्र व विधिशास्त्र ह्यांच्या कक्षेतील मानला जातो. तो तसा आहेच. तथापि बँक बोलते ती करार, धोरणपत्रे, मूल्यमापन-अहवाल व ठराव ह्यांच्या द्वारे, आणि तिला प्रश्न विचारला जातो तोही अर्ज, निवेदन व साक्ष ह्यांच्या द्वारे. म्हणजे हा व्यवहार संहितांचा आहे. कोणत्या संहितेत कोणाला वक्त्याचे स्थान मिळते, कोणाचा उल्लेख केवळ तृतीय पुरुषी होतो, कोणती भाषा ग्राह्य ठरते, हे प्रश्न साहित्याभ्यासकाच्या परिचयाचे आहेत. त्या दृष्टीने नर्मदा खोऱ्यातील सरदार सरोवर प्रकल्पाचा, विशेषतः त्यातील महाराष्ट्राच्या ३३ गावांचा, विचार येथे करावयाचा आहे.

२. 'जाब' ह्या शब्दाचा विचार

इंग्रजीत ह्या संकल्पनेसाठी रूढ असलेल्या शब्दाच्या मुळाशी हिशेबाची कल्पना आहे. जो हिशेब देऊ शकतो तो उत्तरदायी. मराठीने निराळी वाट धरलेली दिसते. 'जबाबदारी' हा शब्द 'जबाब' म्हणजे उत्तर ह्यावरून सिद्ध झाला. 'उत्तरदायित्व' हा संस्कृत घडणीचा नवा शब्दही उत्तराचाच आधार घेतो. बोलीत आपण 'जाब विचारतो' आणि ऐतिहासिक पत्रव्यवहारात 'जाबसाल' हा शब्द प्रश्नोत्तर, वाटाघाट ह्या अर्थाने येतो. शाहिरी परंपरेतील कलगी-तुऱ्याचे सवाल-जबाब सर्वांना ठाऊकच आहेत.

हा भेद केवळ व्युत्पत्तीचा नाही. हिशेब एकट्याला लिहिता येतो. तो वहीत असतो, आणि तो कोणापुढे मांडावयाचा हे वहीचा मालक ठरवू शकतो. जाब मात्र एकट्याने देता येत नाही. आधी कोणीतरी तो विचारावा लागतो, आणि विचारणारा व देणारा एकाच फडावर समोरासमोर उभे असावे लागतात. विकास बँका हिशेबाच्या बाबतीत दक्ष असतात : लेखापरीक्षण, प्रकल्पपूर्ती-अहवाल, अंतर्गत मूल्यमापन ह्यांची त्यांच्याकडे वाण नसते. हा हिशेब भागधारक सरकारांना दिला जातो. ज्यांच्या शेतात पाणी शिरले त्यांना जाब मिळाला की नाही, हा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि ह्या लेखाचा रोख त्याच प्रश्नावर आहे.

३. दानशासन आणि कर्जकरार

दानशासनात दाता, प्रतिग्रहीता, भूमीच्या चतुःसीमा आणि साक्षी ह्यांचे उल्लेख असतात. शेवटी बहुधा शापवचन येते. महाराष्ट्रातील शिलाहारकालीन गद्धेगाळांवर हे शापवचन चित्ररूपाने कोरलेले आढळते, आणि वर सूर्यचंद्र असतात, म्हणजे हे दान आचंद्रार्क चालावे. शापवचनाचा रोख दात्याच्या वंशजांवर व भावी राजांवर असतो. ज्यांच्यावर कोणतेही लौकिक न्यायालय चालू शकत नाही, अशा भावी सत्ताधीशांनाही त्या लेखाने आधीच बांधून ठेवलेले असते. शिवाय हा लेख उघड्यावर, दगडावर असतो आणि गद्धेगाळासारखे चित्र तर निरक्षरालाही कळते. शापाचा धाक प्रत्यक्षात किती चालला, हा इतिहासकारांचा विषय आहे. दानशासनाला सत्ता उत्तरदायी असावी असे वाटत होते आणि त्यासाठी त्याने एक वाङ्मयीन युक्ती योजली होती, एवढे येथे लक्षात घेणे पुरेसे आहे. ह्या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. दान दिलेल्या गावातील कुळांना त्या लेखात स्वतःचा आवाज क्वचितच असे. तरीही तो लेख त्यांच्या डोळ्यांसमोर असे.

कर्जकराराचे रूप ह्याच्या उलट आहे. त्यात दोनच पक्ष असतात : बँक आणि ऋणको सरकार. कराराचा भंग झाला तर तक्रार करण्याचा अधिकार ह्या दोघांपैकी एकालाच असतो. ज्यांची जमीन जावयाची आहे, ते करारात 'विस्थापित होणाऱ्या व्यक्ती' अशा तृतीय पुरुषी बहुवचनात येतात. त्यांना काय मिळावे ह्यासंबंधी कलमे असतात, परंतु ते मिळाले नाही असे म्हणण्याचा अधिकार त्या कलमांतून त्यांना मिळत नाही. त्यांच्याविषयी वचन दिलेले असते, ते दुसऱ्याला. हाच कर्जकरारातील तिसरा पक्ष होय.

४. नर्मदा : निवाडा आणि करार

नर्मदेच्या पाण्याच्या वाटपासाठी १९६९ मध्ये लवाद नेमला गेला आणि त्याचा अंतिम निवाडा डिसेंबर १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. लवादापुढील पक्ष म्हणजे गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र व राजस्थान ही राज्ये. बुडणाऱ्या गावांना तेथे पक्षकार म्हणून स्थान नव्हते. असे असूनही निवाड्यातील पुनर्वसनविषयक तरतुदी त्या काळाच्या मानाने पुढच्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. जमिनीच्या बदली जमीन, पात्र कुटुंबाला किमान दोन हेक्टर सिंचनयोग्य जमीन, सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंबाचा दर्जा, आणि बुडीत येण्यापूर्वी किमान एक वर्ष आधी पुनर्वसन, ही तत्त्वे त्यात होती.

मे १९८५ मध्ये जागतिक बँकेने ह्या प्रकल्पासाठी एकूण ४५ कोटी डॉलरच्या साहाय्याचे करार केले. बँकेपाशी अनैच्छिक पुनर्वसनासंबंधीचे धोरण १९८० पासून आणि आदिवासींसंबंधीचे धोरण १९८२ पासून होते. तरीही करार झाले तेव्हा बुडणाऱ्या कुटुंबांची नीट गणती वा पुनर्वसनाची पुरी योजना तयार नव्हती. पुढे भारत सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने जून १९८७ मध्ये दिलेली मंजुरीही सशर्त होती, कारण आवश्यक अभ्यास तोवर अपुरे होते.

प्रकल्पाच्या बुडितात येणारी २४५ गावे तीन राज्यांत होती. पैकी महाराष्ट्रातील ३३ गावे तत्कालीन धुळे जिल्ह्याच्या अक्कलकुवा व अक्राणी ह्या तालुक्यांत होती. १९९८ पासून हा भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे. सातपुड्याच्या ह्या पट्ट्यातील भिल्ल व पावरा समाज पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली पुष्कळशी जमीन महसुली दप्तरात वनजमीन म्हणून नोंदलेली होती, आणि त्यामुळे ती कसणारा 'अतिक्रमणदार' ठरत होता. निवाड्याने जमीनधारकाला दिलेले आश्वासन ह्या एका शब्दाने त्याच्यापासून दूर गेले. गुजरातने १९८७ च्या सुमारास अतिक्रमणदार व भूमिहीन ह्यांनाही जमीन देण्याचे धोरण स्वीकारले. महाराष्ट्राचे धोरण तितके उदार नव्हते. दप्तरातील एका नामाभिधानाने माणसाचा हक्क ठरावा, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

येथे मराठीच्या एका शब्दघडणीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. बँकेच्या कागदांतील तटस्थ शब्दप्रयोगाचा अर्थ 'ज्यांच्यावर प्रकल्पाचा परिणाम होतो अशा व्यक्ती' एवढाच आहे. परिणाम चांगलाही असू शकतो. महाराष्ट्राने १९७६ मध्ये पुनर्वसनाचा कायदा केला, आणि ह्या विषयावरील राज्यस्तरीय कायद्यांत तो आरंभीचा होय. पुढे शासकीय मराठीत 'प्रकल्पबाधित' हा शब्द रूढ झाला. परंतु लोकांनी स्वतःसाठी निवडलेले शब्द 'धरणग्रस्त' व 'प्रकल्पग्रस्त' हे आहेत. मराठीत 'ग्रस्त' हा उत्तरपद म्हणून येतो तो दुष्काळ, पूर, भूकंप, रोग ह्यांच्या संगतीने. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो. धरणाला त्या मालिकेत बसवून भाषेने एक निर्णयच दिलेला आहे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्या गावांची संघटना उभी राहिली तिचे नावही 'नर्मदा धरणग्रस्त समिती' असेच होते. तीन राज्यांतील संघटनांच्या एकीकरणातून पुढे नर्मदा बचाओ आंदोलन आकाराला आले.

ह्या शब्दामागे महाराष्ट्राचा जुना अनुभव आहे. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे नेते झाले. विनायकराव भुस्कुटे ह्यांच्या 'मुळशी सत्याग्रह' ह्या ग्रंथाने ती हकीकत जतन केली आहे. मुळशीत धनको मुंबईतच होता आणि सरकार परके असले तरी पुण्यामुंबईत भेटत होते. नर्मदेत धनको वॉशिंग्टनमध्ये होता. जाब विचारावयाचा तर तेथवर जाणे आले.

५. मॉर्स-बर्जर अहवाल

ऑक्टोबर १९८९ मध्ये मेधा पाटकर ह्यांनी अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष दिली. १९९० मध्ये जपानने आपले साहाय्य थांबविले. १९९० च्या अखेरीस व १९९१ च्या आरंभी फेरकुवा येथे प्रदीर्घ सत्याग्रह व उपोषण झाले. त्यानंतर बँकेचे अध्यक्ष बार्बर कोनेबल ह्यांनी स्वतंत्र पुनर्विलोकनाची घोषणा केली. बँकेने स्वतः दिलेल्या कर्जाची बाहेरच्या माणसांकडून अशी तपासणी करविण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मॉर्स हे अध्यक्ष आणि कॅनडाचे माजी न्यायाधीश थॉमस बर्जर हे उपाध्यक्ष झाले. बर्जर ह्यांनी १९७४ ते १९७७ ह्या काळात मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीसंबंधीची चौकशी केली होती आणि त्या वेळी वस्त्यावस्त्यांत जाऊन मूळ रहिवाशांची निवेदने त्यांच्या भाषांतून ऐकली होती. 'मॅप्स अँड ड्रीम्स' ह्या ग्रंथाचे लेखक, मानववंशशास्त्रज्ञ ह्यू ब्रॉडी हेही नर्मदेच्या पुनर्विलोकनात सहभागी होते. म्हणजे मौखिक साक्ष ही पुराव्याइतकीच ग्राह्य मानण्याची एक परंपरा ह्या समितीबरोबर खोऱ्यात आली.

जून १९९२ मध्ये सादर झालेल्या अहवालाची मांडणी अभ्यसनीय आहे. त्याचा आरंभ बँकेच्या अध्यक्षांना उद्देशून लिहिलेल्या पत्राने होतो. अनाम प्रशासकीय गद्यात सहसा न आढळणारे प्रथम व द्वितीय पुरुष येथे येतात : आम्ही पाहिले, आम्हांला आढळले, आपण असे करावे. चालू परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन होणे शक्य नाही. पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही. ह्या स्थितीची जबाबदारी ऋणकोबरोबर बँकेवरही येते. आणि बँकेने प्रकल्पातून एक पाऊल मागे घेऊन नव्याने विचार करावा, असा त्याचा आशय होता. अहवालाच्या विरोधकांचा आक्षेप असा की, त्याने कच्छ-सौराष्ट्राच्या तहानेला पुरेसे वजन दिले नाही. हा आक्षेप दुर्लक्षणीय नाही. परंतु पाण्याची गरज सिद्ध झाल्याने, दिलेले वचन मोडण्याची मुभा सिद्ध होत नाही, आणि समितीपुढील प्रश्न वचनाचा होता.

बँकेच्या संचालक मंडळाने ऑक्टोबर १९९२ मध्ये काही अटींवर साहाय्य चालू ठेवले. अटींची मुदत संपत असता, ३० मार्च १९९३ रोजी, भारत सरकारने उर्वरित सुमारे १७ कोटी डॉलर नको असल्याचे कळविले. कर्ज संपले, धरण संपले नाही. महाराष्ट्राच्या हद्दीवरील मणिबेली हे पहिले गाव १९९३ च्या पावसाळ्यात पाण्याखाली जाऊ लागले. विस्थापितांसाठी तळोदा येथील २,७०० हेक्टर वनजमीन १९९० मध्येच मोकळी करण्यात आली होती. तिच्यावर आधीपासून कसणाऱ्यांचे प्रश्न होते, म्हणजे तिसऱ्या पक्षाच्या पुनर्वसनातून आणखी एक तिसरा पक्ष निर्माण झाला. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने बांधकामाला अनुमती दिली. धरणाचे लोकार्पण १७ सप्टेंबर २०१७ रोजी झाले आणि जलाशय १३८.६८ मीटर ह्या पूर्ण पातळीला प्रथम सप्टेंबर २०१९ मध्ये पोहोचला.

६. तक्रारअर्ज : एक नवा वाङ्मयप्रकार

सप्टेंबर १९९३ मध्ये जागतिक बँकेने तीन सदस्यांचे निरीक्षण मंडळ स्थापण्याचा ठराव केला. ते १९९४ मध्ये कार्यरत झाले. प्रकल्पामुळे हानी पोहोचलेल्या वा पोहोचण्याची भीती असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्तींना थेट त्याच्याकडे अर्ज करता येतो. तिसऱ्या पक्षाला प्रथमच कर्त्याचे स्थान मिळाले. १९९४ च्या सप्टेंबरात, बँकेच्या पन्नाशीच्या निमित्ताने, ४४ देशांतील ३२६ संघटनांनी बड्या धरणांना कर्ज देणे थांबविण्याची मागणी करणारे जे निवेदन काढले, त्याला 'मणिबेली जाहीरनामा' असे नाव दिले गेले. अक्कलकुवा तालुक्यातील एका गावाचे नाव असे जागतिक दस्तऐवजाचे शीर्षक झाले.

परंतु ह्या मंडळाच्या मर्यादाही त्याच्या संहितेतच आहेत. अर्जदाराने केवळ हानी सांगून भागत नाही. बँकेने स्वतःच्या कोणत्या धोरणाचे उल्लंघन केले आणि त्यातून ती हानी कशी झाली, हा कार्यकारणभाव दाखवावा लागतो. मंडळाला आदेश देता येत नाही, चौकशीची अनुमतीही संचालक मंडळाकडून घ्यावी लागते, आणि त्या संचालक मंडळात ऋणको सरकारे बसलेली असतात. १९९७ मधील सिंगरौलीच्या प्रकरणात चौकशी मुख्यालयातील कागदपत्रांपुरतीच मर्यादित ठेवण्यात आली. कर्नाटकातील नागरहोळे येथील आदिवासींनी परिसर-विकास प्रकल्पासंबंधी १९९८ मध्ये अर्ज केला. मंडळाने चौकशीची शिफारस केली, संचालकांनी ती मान्य केली नाही.

मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा अनुभव काहीसा वेगळा आहे. २००२ मध्ये मंजूर झालेल्या ह्या प्रकल्पात सुमारे १,२०,००० लोक हलवावयाचे होते. २००४ मध्ये कुर्ला व परिसरातील दुकानदार व रहिवासी ह्यांनी मंडळाकडे धाव घेतली. मूळ दुकान केवढेही असो, बदली २२५ चौरस फूट, हे त्यांना मान्य नव्हते. मंडळाचा अहवाल डिसेंबर २००५ मध्ये आला. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसन ह्या भागांचे वितरण स्थगित केले आणि सुधारणा झाल्यावर काही महिन्यांनी ती स्थगिती उठविली. येथे जाब विचारला गेला आणि काही अंशी तो मिळालाही. ह्याचे एक कारण असे की, पैसे देणे अजून चालू होते.

हा काळाचा मुद्दा निर्णायक आहे. मूळ नियमानुसार कर्जाची मुदत संपल्यावर किंवा बहुतांश रक्कम वितरित झाल्यावर अर्ज ग्राह्य नसे. धरणाची हानी मात्र कर्जाच्या वेळापत्रकाने येत नाही. मणिबेलीच्या लोकांच्या झगड्यातून जे दार उघडले, ते उघडण्यापूर्वीच त्यांच्या कर्जाचे वितरण थांबलेले होते. २०२० मध्ये नियम बदलून कर्ज बंद झाल्यानंतर १५ महिन्यांपर्यंत अर्जाची मुभा देण्यात आली. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण १९९३ ते २०१९ ह्या सव्वीस वर्षांच्या बुडितापुढे पंधरा महिने अपुरे ठरतात, आणि आचंद्रार्काची भाषा बोलणाऱ्या दानशासनापुढे तर ते फारच थोडे वाटतात.

न्यायालयाचे दार ह्याहूनही अरुंद राहिले. कच्छमधील मुंद्रा येथील औष्णिक वीज प्रकल्पाला जागतिक बँक समूहातील आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाने २००८ मध्ये ४५ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. त्याविरुद्ध तेथील मच्छीमार व शेतकरी अमेरिकेत न्यायालयात गेले. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आंतरराष्ट्रीय संस्थांना संपूर्ण उन्मुक्ती नाही, असा सात विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला. तत्त्व प्रस्थापित झाले, पण त्यांचा मूळ दावा पुढे खालच्या न्यायालयांत उन्मुक्तीच्याच मुद्द्यावर टिकला नाही.

७. भाषेचा प्रश्न

निरीक्षण मंडळाची कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. तथापि भाषांतराची सोय नसल्यास बाधितांना स्वतःच्या भाषेतही अर्ज पाठविता येतो. ही तरतूद लहान दिसली तरी तिचे मोल मोठे आहे. अक्राणीतील साक्ष भिलोरी किंवा पावरीत सुरू होते, कार्यकर्त्याच्या मराठी-हिंदीतून जाते आणि शेवटी धोरणाच्या परिच्छेद-क्रमांकांच्या इंग्रजीत उतरते. प्रत्येक टप्प्यावर काही गळते. नदीकाठचे गाळपेर, जंगलातील मोह व चारोळी, देवाचे ठाणे, सोयरिकीचे अंतर ही सारी 'उपजीविकेची साधने' ह्या एका शीर्षाखाली जमा होतात. जे त्या शीर्षाखाली मावत नाही ते हानी म्हणून मोजले जात नाही, आणि जे मोजले गेले नाही त्याचा जाब विचारता येत नाही.

ह्या गळतीला उत्तर म्हणून खोऱ्यात जे घडले त्याकडे साहित्याभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावयास हवे. १९९० च्या दशकाच्या आरंभी चिमलखेडी व निमगव्हाण येथे 'जीवनशाळा' सुरू झाल्या आणि मुलांच्या बोलीला वर्गात स्थान मिळाले. ज्या समाजाला 'अतिक्रमणदार' ह्या एका शब्दाने हक्कापासून दूर ठेवले होते, त्याची पुढची पिढी शब्द वाचू लागली. दप्तर वाचता येणे ही जाब विचारण्याची पहिली पायरी होय.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, विकास बँकांची उत्तरदायित्वाची यंत्रणा ही त्यांच्या अंतर्गत विकासातून सहज उगवलेली नाही. ज्यांना करारात आवाज नव्हता अशा गावांनी ती घडवून आणली. दोन, ह्या यंत्रणेने तिसऱ्या पक्षाला प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, परंतु उत्तर बंधनकारक केले नाही. म्हणजे सवालाला मुभा आहे, जबाबाची सक्ती नाही. तीन, जोवर कर्जकरार बाधितांच्या भाषेत, त्यांच्या गावी, प्रकल्प सुरू होण्यापूर्वी वाचून दाखविला जात नाही, तोवर हा हक्कही शिकलेल्यांच्या मध्यस्थीवरच अवलंबून राहील.

बंगळूरमध्ये मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्यातील एका मार्गासाठी युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेचे कर्ज आहे. त्या मार्गावरील एका स्थानकासाठी आपल्या आवाराची जागा जाणार असे दिसताच ऑल सेंट्स चर्चच्या उपासकांनी त्या बँकेच्या तक्रार-यंत्रणेकडे दाद मागितली. शहरातील सुशिक्षित मंडळींना हा मार्ग ठाऊक झालेला आहे. तो आधी शोधून काढला तो सातपुड्यातील माणसांनी. त्यांच्या साक्षी, निवेदने व गाणी ह्यांचे मूळ बोलींतील संकलन आणि त्यांची इंग्रजी रूपांतरे ह्यांचा तौलनिक अभ्यास अजून व्हावयाचा आहे. भारतीय भाषांच्या अभ्यासकांनी तो हाती घेतला, तर कर्जकरारातील तिसऱ्या पक्षाने कोणत्या शब्दांत जाब विचारला होता, हे त्याच्याच भाषेत नोंदले जाईल.